येतंय म्हणून गेलेला

आमच्या मालवणात माणूस गप्प बसला की लोक आधी विचारतात, पोट दुखतं काय. मग विचारतात, घरात भांडण झालं काय. त्यावरही तो गप्पच राहिला तर कुणीतरी हळूच सुचवतो की एकदा ह्याला चांगल्या माणसाला दाखवून आणा. गप्प बसणं हा एखाद्याचा स्वभाव असू शकतो, हे इथे कुणाच्या गळी उतरत नाही. आमचा दिवस गजालींवर, गप्पांवर चालतो, आणि गजालीत न बसणारा माणूस म्हणजे पंगतीत येऊन ताट पालथं घालून बसलेला. माझा धाकटा भाऊ आकिब तसा आहे.

मी त्याच्या अगदी उलट. अब्बांचं बंदराजवळ जाळी आणि दोरांचं दुकान आहे, तिथे मी बसते आणि गिऱ्हाइकाशी बोलून बोलून माल विकते. अम्मी म्हणते, अल्लाने दोघांची मिळून जेवढी बडबड दिली होती तेवढी सगळी आरिफाने घेतली, आकिबला काही ठेवलीच नाही.

एस.टी.त कंडक्टरला "थांबवा" म्हणायचं जिवावर येतं म्हणून तो पुढच्या स्टॉपवर उतरून मागे चालत येतो. लग्नाला गेला तर जेवणाच्या रांगेत मागून कुणीही यावं आणि ह्याच्या पुढे उभं राहावं. कॉलेजच्या कँटीनमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याला चहाऐवजी चुकून कॉफी मिळाली. तो काही बोलला नाही. कँटीनवाल्याला वाटलं ह्याला कॉफीच लागते, आणि मग तो आला की न विचारता कॉफी समोर यायची. दोन वर्षं प्यायला. त्याला कॉफी आवडत नाही.

पण सगळ्यात वाईट खोड उठून जाण्याची. कुणाच्याही घरी गेला की दाराजवळ बसणार आणि मधेच कधीतरी नाहीसा होणार. बाजारात बायका अम्मीला ऐकवायच्या, "रुकय्या, तुझो झील इलो कधी नि गेलो कधी, कळला सुद्दा नाय गो." अम्मी हसून वेळ मारून न्यायची आणि घरी येऊन माझ्यावर चिडायची.

अशा मुलाला कुडाळच्या कॉलेजात गुरुप्रसाद भेटला, ते त्याचं नशीब. गुरू वालावलचा. घरची सुपारीची बाग, चार नारळ, थोडं भात. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला दोघांना एक टेबल आलं. आकिबला सगळं येत होतं आणि गुरूला काही येत नव्हतं, पण तोंडी परीक्षेला सर समोर उभे राहिले की आकिबच्या तोंडाला कुलूप. पहिल्याच तोंडीत गुरू सरांना म्हणाला, "सर, ह्याला सगळं येतं, पण हा लिहून दाखवील. चालेल?" सरांना चाललं. त्या दिवसापासून बोलायचं काम गुरूचं आणि लिहायचं आकिबचं, अशी वाटणी होऊन गेली. आकिबला जगात मित्र एकच होता. तो गेला तर दुसरा मिळणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही.

गुरूने त्याला बोलायला शिकवायचा नाद कधी केला नाही. म्हणूनच मला तो आवडायचा. एकदाच काय तो ईदला आमच्याकडे शिरखुर्मा प्यायला आला असताना चिडला होता.

"तू परवा आमच्या घराकडसून मांजरासारखो गेलंस. आवस माका इचारता, तेका आमचा जेवाण आवडला नाय काय? अरे मेल्या, जाताना नुसता 'येतंय' म्हण. एवढाच. मग बाकी काय बोललंस नाय तरी चलात."

आकिबने ते मनावर घेतलं. त्याचं मनावर घेणं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दारात उभा राहून "येतंय अम्मी" म्हणू लागला. पहिल्या दिवशी अम्मी पीठ मळत्या हातांनी धावत बाहेर आली, काहीतरी विसरला असेल म्हणून. मग कँटीनवाल्याला, एस.टी.च्या ड्रायव्हरला. लायब्ररीतल्या मॅडमना तर इतक्या जोरात "येतो हं" म्हणाला की वाचत बसलेल्यांनी माना वर केल्या. आवाज किती लावायचा ह्याचा त्याला अंदाजच नव्हता. वापरायची सवय नव्हती ना.

आणि एका रविवारी वालावलहून आला तो खुलून. गुरूच्या आईने, जानकीकाकीने, घावणे आणि नारळाचा रस केला होता. हा पोटभर जेवला आणि निघताना दारात उभा राहून म्हणाला, "येतंय हां काकी." काकी म्हणाल्या, "ये हां बाबा, सावकाश जा." एवढंच. पण रात्री जेवताना त्याने ते आम्हाला दोनदा सांगितलं. आमच्या घरात आकिबने एखादी गोष्ट दोनदा सांगणं म्हणजे सणच.

त्यानंतर जानेवारीत गुरूचे वडील गेले. बागेत सुपारीला पाणी लावत होते, छातीत कळ आली, आणि दवाखान्यात न्यायच्या आतच सगळं संपलं. वर्गाच्या ग्रुपवर बातमी आली आणि पाठोपाठ हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. आकिब काहीतरी लिहायचा आणि पुसायचा. शेवटी काही न पाठवताच त्याने फोन पालथा ठेवला. वर्गातली मुलं गाडी करून भेटायला गेली, त्या दिवशी हा ताप आल्याचं सांगून चादर ओढून पडून राहिला. ताप कसला नि काय.

"बुबू, थय जावन बोलाचा काय?" मला, थोरल्या बहिणीला, विचारत होता. मी लगेच चार वाक्यं सांगितली. माझ्याकडे वाक्यांना तोटा नाही. ती ऐकून तो आणखीनच घाबरला. अम्मी आतून म्हणाली, "काय बोलाक लागना नाय. जावन बस नुसतो."

बाराव्याच्या आधी कधीतरी तो एकटा गेला. आणि संध्याकाळी घरी आला तो अनवाणी. तेवढ्यामुळेच काहीतरी घडलंय हे आम्हाला कळलं, नाहीतर त्याने सांगितलंच नसतं. पुढचं मी त्याच्याकडून कित्येक दिवसांत, तुकड्या तुकड्याने काढून घेतलं.

पडवीत सतरंजी घातली होती. बायका आत, उंबरठ्याजवळ काकींना धरून बसलेल्या. गुरू खांबाला टेकून बसला होता. येणारा प्रत्येक जण त्याला काहीतरी सांगत होता. आता तूच कर्ता, रडू नको, आवशीक सांभाळ, बागेकडे बघ. गुरू नुसती मान हलवत होता. आकिब जाऊन त्याच्या शेजारी बसला आणि काही बोलला नाही. थोड्या वेळाने गुरूने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. बडबड्या गुरूही गप्प आणि हाही गप्प. बागेतलं ऊन उतरेपर्यंत दोघं तसेच बसून होते.

"बुबू, माका थय कोणी काय एक इचारूक नाय," आकिब मला म्हणाला. "पयल्यांदाच असा झाला. माका बरा वाटला. आणि अशा वेळार बरा वाटला म्हणान लाज वाटली."

लोक येत होते, बसत होते आणि उठून मुकाट्याने निघून जात होते. कुणी निरोप घेत नव्हतं. हे आकिबने पाहिलं. आणि पाहून आमच्या शहाण्याने काय अर्थ काढला, तर दुःखामुळे लोकांना रीतभातही सुचत नाहीये, निदान आपण तरी चुकायचं नाही. तो उठला, पुढच्या अंगणात, खळ्यात उतरला, मागे वळला, आणि सराव करून करून बसवलेलं ते वाक्य सगळा धीर गोळा करून म्हणाला. नेहमीसारखंच, नको तेवढ्या मोठ्याने.

"येतंय हां काकी!"

मयताच्या घरातून उठताना 'येतो' म्हणत नाहीत. असल्या कारणासाठी त्या घरी पुन्हा यायची पाळी कुणावर येऊ नये म्हणून. आमच्यात सलाम करून निघतात, हिंदूंकडे मात्र ही रीत कडक आहे, आणि कुणाच्याच घरी न जाणाऱ्या मुलाला ती कळणार कुठून? सगळ्या सिंधुदुर्गात न सांगता उठून जाणाऱ्याला बरोबर ठरवणारी ती एकच जागा होती. त्याच्यासाठीच केल्यासारखी. आणि नेमका तिथे हा रीत पाळायला गेला. आजही ते आठवलं की मला हसू येत नाही, नुसता राग येतो, पण कुणाचा ते कळत नाही.

गुरूच्या वडिलांची म्हातारी आते, मथुरा आते, उंबरठ्यात बसली होती. ती ओरडली, "अरे मेल्या, काय बोललंस ह्या? परत कित्याक येतंस? आणखी कोणाक न्हेवचा आसा?" सगळ्या माना वळल्या. काकींनी तोंड वर करून काहीतरी म्हटलं, पण ते आकिबला ऐकू आलं नाही. तोवर तो रस्त्याला लागला होता. चपला पायरीशीच राहिल्या.

अम्मीने समजावलं, मी समजावलं. नकळत झालं, तुला त्यांची रीत ठाऊक नव्हती हे ते जाणतात, गुरूला एक फोन कर आणि मोकळा हो. त्याच रात्री गुरूचाच फोन आला. आकिब वाजत्या फोनकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशीही. मी उचलायला गेले तर त्याने हातातून काढून घेतला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाला दोन शब्द सुनावता तरी येतात.

बारावं झाल्यावर गुरू कॉलेजला आला. आकिबने टेबल बदलून घेतलं होतं. डबा खायला तो लायब्ररीच्या मागे जायचा. एकदा गुरू तिथेही येऊन उभा राहिला.

"मेल्या, तुझ्यो चपला आमच्याकडे रवल्यो," म्हणाला. हसत म्हणाला. वडील जाऊन महिना झाला नव्हता, आणि तो ह्याला सोपं जावं म्हणून हसत होता. आकिब डब्यात बघत राहिला. गुरू थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "अरे, मग तू काय म्हणालंस?"

"काय म्हणाचा ता सुचला नाय."

"'घेवन ये' म्हणाचा. 'बरा' म्हणाचा. 'हूं' म्हटलं असतंस तरी पुरे होता!"

"आता कळता माका," तो म्हणाला.

श्रावणात मथुरा आते गेली. पंच्याऐंशी वर्षांची म्हातारी, पावसाळा लागल्यापासून अंथरुणाला खिळलेली होती. पण बातमी कळली आणि आकिबचा चेहरा उतरला. मी नको नको ते बोलले त्याला. तुझ्या तोंडात एवढी ताकद असती तर कॉफीचा चहा करून घेतला नसतास का, असंही बोलले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मी तोंड उघडलंय काय असाच होता," एवढं म्हणाला, आणि वालावलला गेला नाही. अम्मीने त्यांच्याकडे न्यायला पिशवी भरून ठेवली होती, ती तिने पुन्हा रिकामी केली.

गणपतीनंतर गुरू कॉलेजात दिसेनासा झाला. आकिबने कुणाला विचारलं नाही. विचारणार कसा?

ह्या फेब्रुवारीत माझा निकाह ठरला. आमच्याकडे आमंत्रण तोंडी लागतं, घरी जाऊन. मोबाइलवर पत्रिका पाठवली तर लोक "बघली" म्हणतात आणि येत नाहीत. आकिब म्हणाला, गुरूला पाठव मोबाइलवर. मी म्हटलं, माझ्या लग्नाचं आमंत्रण तुझ्या एकुलत्या एक मित्राला असं जाणार असेल तर मी लग्नच करत नाही. धमकी खोटी होती, पण लागू पडली. स्कूटरवर मागे बसवून त्याला घेऊन गेले. नेरूरपारच्या पुलावर तो म्हणाला, "बुबू, बोलशीत तूच ना?" मी म्हटलं, हो. माझ्या बोलण्याने सगळं निभावतं असा माझा तोपर्यंत समज होता.

जानकीकाकी खळ्यात सुपाऱ्या वाळत घालत होत्या. आम्हाला पाहून उभ्या राहिल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही.

"इलंस?" त्या आकिबला म्हणाल्या. "किती दिस लायलंस रे बाबा."

मी पुढे होऊन निकाहचं बोलू लागले. काकींनी ऐकलं, सवयीने हळद-कुंकवासाठी आत वळता वळता थांबल्या, मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सुखी रव गो." आणि आत जाऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. आकिबच्या चपला. उन्हाने चामडं कडक झालं होतं आणि रंग पार उडाला होता.

"गणपतीपर्यंत पायरेर होत्यो," काकी म्हणाल्या. "गुरू म्हणा, आये, कुत्रो न्हेयत. मी म्हटलंय, रवांदेत. अनवाणी गेलो हा, येतलो."

आकिब चपलांकडे बघत होता.

"सगळी मानसा इली, बसली नि काय एक न सांगता गेली. रीतच ती. बारावा झाला आणि कोण फिरकाक नाय. तू एकटो म्हणालंस येतंय. आते वराडली तुझ्यार, पण माका बरा वाटला होता रे. मी थयच म्हटलंय, ये हां बाबा. तू आयकलंस नाय?"

आकिबने मान हलवली, नाही म्हणून.

"आते गेली तेव्हा पण मी वाटेर बघी होतंय. गुरू माका म्हणा, येतत ते सगळे माका शिकयतत आये, आकिब नुसतो बसता. तेका कोण तरी बोलवन हाडा."

मी खळ्यातली एक सुपारी उचलून हातात फिरवत राहिले. मी, जी बोलून जाळी विकते. शेवटी मीच विचारलं, गुरू खंय आसा?

"गेलो गोव्याक. हॉटेलात काम गावला. आता सणाक येतलो." काकींनी ते वर्तमानपत्र नीट घडी करून पायरीवर ठेवलं. "जायच्या दिवशी ह्या पायरेर बसान बूट घाली होतो. बूट घालून झाले, तरी बसान रवलो. मगे माका म्हणालो, आये, आता त्यो चपला आत घे."

आकिब पायरीवर खाली बसला. रडला नाही. चपला पायात घालू लागला, आणि कडक झालेला पट्टा सरकेना म्हणून तसाच ओढत राहिला. काकींनी खाली वाकून तो सरकवून दिला, लहान मुलाला घालावा तसा.

निघताना तो खळ्यात थांबला. काकी दारात उभ्या होत्या. तो म्हणाला, "येतंय काकी." हळू म्हणाला, जेवढं म्हणायला हवं तेवढंच. त्या म्हणाल्या, "ये हां." पण कुणालाही म्हणतात तसं.

लक्ष्मीनारायणाच्या तळ्यापाशी त्याने मला स्कूटर थांबवायला सांगितली. उतरून थोडा लांब गेला आणि फोन लावला. जन्मात स्वतःहून कुणाला फोन न केलेला मुलगा. रिंग जात राहिली आणि बंद झाली. त्याने परत लावला. ह्यावेळी तिकडून कापला गेला, आणि मिनिटाभरात मेसेज आला. त्याने तो वाचून माझ्यापुढे धरला.

"कामार आसंय. मागसून करतंय."

मला त्या 'मागसून'चा, त्या 'नंतर'चा अर्थ कळला. दुकानात बसून मी असं दिवसाला दहा जणांना सांगते. मागसून बघू, मागसून सांगतंय, मागसून करतंय. टाळायचं असलं की कुणाचंही मन न दुखवता म्हणायची ती रीत आहे, आणि गुरूपेक्षा ती जास्त कुणाला ठाऊक असणार. हे आकिबला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण त्याने फोन शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि आवाज पूर्ण वाढवला होता.

त्याला आता तीन आठवडे झाले. माझ्या निकाहाच्या दिवशीही तो फोन हातातच घेऊन मांडवात उभा होता. पाहुण्यांना "या", "बसा", "जेवून जा" म्हणत होता, सगळं अगदी बरोबर. कुणी म्हणालंसुद्धा अम्मीला, झील सुधारलो गो तुझो.

मी अजून त्याला काही सांगितलेलं नाही. गुरू करतंय म्हणालाय, म्हणजे करणार, असं तो धरून बसलाय.